इढोळे सरांची जीभ

इढोळे सरांनी माझ्या कढीत दोन काळ्या कांड्या बुडवल्या, तेव्हा आमची ओळख होऊन अकरा मिनिटं झाली होती. मिनिटं मी नेमकी सांगू शकते, कारण त्या दिवशी मी घड्याळाकडेच बघत होते. वाशीमची दुसऱ्या संस्थेची शाळा सोडून मेडशीच्या शाळेत पर्यवेक्षिका म्हणून माझा तो पहिला दिवस होता, आणि मोठी सुट्टी कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती चालते, हे मला वहीत टिपायचं होतं.

शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले. मीही उघडला. समोरचे सडपातळ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "थांबा मॅडम. जीभ आणतो."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पिशवीतून साबणाची एक निळी डबी काढली. डबीवर काट्याचा एक मीटर बसवलेला, आत चौकोनी बॅटरी, आणि खालून दोन तारांना बांधलेल्या दोन काळ्या कांड्या. कांड्या एका रबरी बुचातून आरपार काढलेल्या, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर हलत नव्हतं. स्वच्छ फडक्यानं कांड्या पुसून त्यांनी त्या माझ्या कढीत उभ्या केल्या. मी 'अहो' म्हणेपर्यंत काटा चढून थांबला होता.

ते काट्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग पुन्हा काट्याकडे.

"मॅडम, हे कढी कोनं केली?"

"मी."

"मीठ मोजून टाकता काय?"

"नाही. अंदाजानं."

त्यांनी कांड्या पुसल्या, माझ्या डब्याचं झाकण स्वतःच्या हातानं लावलं, आणि एक शब्द न बोलता सायकल काढून निघून गेले. त्या दिवशी मी कढीशिवाय जेवले. तेवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या जेवणाचा इतका शास्त्रशुद्ध अपमान कोणी केला नव्हता.

"मनावर नोका घेऊ मॅडम," आमचे कारकून गोटे बाबू म्हणाले. "सरायचं असंच हाय. आधी वर्षातून एकदा दहावीच्या पोरायले दाखवत. आता दोन वर्षांपासून रोज डबे तपासून राह्यले. माह्या घरच्या वरणाले सतरा मार्क देल्ले. बायको आजून बोलत नाही त्यायच्याशी."

मी याद्या करते. गावाला जाताना, लग्नात, शाळेत, कुठंही. एखादा माणूस समजत नसेल तर त्याच्या नावाचं पान उघडते आणि खाली एकेक लिहीत जाते. पान भरेपर्यंत तो बहुतेक समजलेला असतो. त्या संध्याकाळी बसमध्ये मी पान उघडलं आणि वर लिहिलं, 'शालिकराम इढोळे, विज्ञान, इयत्ता नववी व दहावी.' खाली पहिली नोंद: 'अन्नात वीज सोडतात.'

पान भरायला वेळ लागला नाही. सर मोठ्या सुट्टीची घंटा झाली की दोन-तीन डब्यांवर जीभ फिरवत, खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी लिहीत आणि स्वतः घासही न खाता घरी जात. परत यायला रोज सात मिनिटं उशीर. सहा नाही, आठ नाही. प्रयोगशाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये मिलिअँमीटर पाच होते, कपाटात चार. पाचवा कुठे आहे हे शोधायला लागलं नाही, तो रोज माझ्या डोळ्यांसमोर कोणाच्या ना कोणाच्या भाजीवर बसलेला असे. शिपाईबाईंपासून मुख्याध्यापकांच्या पत्नीपर्यंत प्रत्येक बाईला ते विचारत, "मीठ कवा टाकता? उकळीच्या आधी का नंतर?" एकीनं लाजून पदर घेतला. दुसरीनं नवऱ्याला सांगितलं.

आणि माणसांना ते प्रभारावरून ओळखत. नमस्कार-चमत्कार नाही. सकाळी फाटकातच विचारणार, "काय मॅडम, प्रभार काय आज?"

पहिल्यांदा मला वाटलं, माझ्याकडे कोणत्या विभागाचा प्रभार आहे असं विचारताहेत. मी सांगितलं, "परीक्षा आणि शिस्त." ते इतके हसले की सायकल पडली.

त्यांचं शास्त्र साधं होतं. जगात अणू दोन तऱ्हेचे, देणारे आणि घेणारे, आणि माणसंही तशीच. मुख्याध्यापक म्हणजे क्लोरीन. "कायम एक कमी असते त्यायच्यापाशी. पेन, चश्मा, छत्री. समोर दिसलं की घेतलंच." हे खरं होतं, माझी दोन पेनं गेली होती. गोटे बाबू निष्क्रिय वायू. "कोनाले देत नाही, कोनाचं घेत नाही, कोनाशी जमत नाही, पन राह्यते सत्तर वर्षं." गोटे बाबूंना ही स्तुती वाटे.

"आणि मी?" मी एकदा विचारलं. असं विचारायचं नाही हे मला कळत होतं.

त्यांनी मला खालवर पाहिलं. "तुमी उदासीन, मॅडम. एका रकान्यात धन, एका रकान्यात ऋण, खाली बेरीज शून्य."

ही नोंद मी पानावर केली नाही.

दहावीच्या तासाला मी तपासणीसाठी मागच्या बाकावर बसले होते, तेव्हाची गोष्ट. सर आयन शिकवत होते. फळ्यावर सोडियम काढला, त्याच्या बाहेरच्या कक्षेतला एकटा इलेक्ट्रॉन काढला, आणि क्लोरीनला देऊन टाकला. "झाला सोडियम धन, झाला क्लोरीन ऋण. कोनाले शंका?"

वैष्णवी नावाची एक मुलगी उभी राहिली. "सर, सोडियमनं तं देऊन टाकलं. त्याच्यापाशी कमी झालं ना? मंग तो धन काहून? अन् ज्यानं घेतलं त्याच्यापाशी जास्त झालं, तो ऋण काहून?"

तीच शंका मला शाळेत असताना आली होती, आणि मी ती विचारली नव्हती. उत्तर पाठ करून पेपरात लिहिलं होतं.

सरांनी खडू खाली ठेवला. इतका खूश झालेला माणूस मी शाळेच्या तपासणीत पाहिलेला नाही. "बाई, हेच तं इचारलं पायजे. तो इलेक्ट्रॉन हाय कोन? तो स्वतःच ऋण हाय. ज्यानं आपल्यापाशचं ऋण देऊन टाकलं, तो मागं काय राह्यला? धन. ज्यानं घेतलं, त्यानं ऋणच घेतलं. त्याले वाटते आपल्यापाशी एक जास्त हाय. जास्त काय हाय? ऋण." मग जरा थांबून म्हणाले, "देल्लं तो धन, घेतलं तो ऋण. अन् दोघं जवळ आले की मीठ. एकटा सोडियम पान्यात टाकला तं पेट घेते. एकटा क्लोरीन, जहर. जोडीनं राह्यले तं वरनात चव."

मी तपासणीच्या फॉर्मवर 'उत्तम' लिहिलं आणि बाहेर येऊन विचार करत राहिले की, डोकं इतकं स्वच्छ असलेला माणूस दुपारी इतरांच्या डब्यात तारा का घालतो.

मग अध्यक्षांच्या नातवाच्या जावळाचं जेवण आलं.

आमच्या संस्थेच्या दोन शाळा, एक मेडशीला आणि एक कारंज्याला. अध्यक्ष मेडशीचे. मांडव टाकलेला, रोडग्यांचा बेत, वांग्याची भाजी, वरण, बुंदी, आणि निम्मा तालुका पंगतीला. मी दुसऱ्या पंगतीत बसले होते. माझ्या शेजारची जागा सरांची, ती रिकामी. मागे स्वयंपाकाच्या बाजूनं आचाऱ्याचा आवाज आला.

"ओ सर, वरनाले करंट लावून राह्यले काय?"

मी मान वळवून पाहिलं. वरणाचा गंज, म्हणजे पातेलं, माणूस आत बसेल एवढा, आणि त्याच्यावर वाकून सर जीभ बुडवत होते.

जे पुढे झालं ते इतकं भराभर झालं की मला अजूनही त्याचा क्रम लावावा लागतो. अध्यक्षांच्या मेव्हण्यानं विचारलं, "हे काळं काय हाय, सर?" सरांनी लोकांना समजावं म्हणून लोकांच्या शब्दात सांगितलं, "हे पेन्सिलचं शिसं." आणि मग ते शिकवायला लागले की, आपण त्याला शिसं म्हणतो खरं, पण ते शिसं नसतंच मुळी, ते असतं ग्राफाइट, म्हणजे कोळशाचाच भाऊबंद, त्यातून वीज जाते आणि ते पोटात गेलं तरी काही होत नाही. हे दुसरं वाक्य ऐकायला तिथं कोणी थांबलं नव्हतं. पहिलं वाक्य मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पोचलंही होतं.

"वरनात शिसं टाकलं."

"कोनं?"

"इढोळे मास्तरनं. शिसं टाकून वरतून करंट देल्ला."

पंगत उठली. वाढलेल्या पत्रावळीवरून, हातातला घास टाकून, शंभरेक माणसं एकदम उभी राहिली. ज्यांनी अजून वरण घेतलंही नव्हतं त्यातल्या दोघांच्या पोटात कळा यायला लागल्या. एकाला ओकारी झाली. त्यांना जीपमध्ये घालून तालुक्याच्या गावी, मालेगावच्या दवाखान्यात नेलं, तिथं डॉक्टरांनी तपासलं आणि मीठ-साखरेचं पाणी पाजून परत पाठवलं.

"म्हंजे शेवटी आयनच पाजले," सर मला म्हणाले. आम्ही दोघंच रिकाम्या मांडवात उभे होतो. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला होता, पण हे वाक्य त्यांच्यानं सोडवलं नाही.

सोमवारी माझ्या टेबलावर अध्यक्षांचं पत्र होतं. 'सदर शिक्षकाने पंगतीच्या वरणात शिसे व वीज सोडून आमच्या घरच्या मंगलकार्याचा विचका केला. त्यांची बदली कारंजा येथील शाळेत का करू नये, याबाबत त्यांचा लेखी खुलासा व पर्यवेक्षिकेचा अहवाल तीन दिवसांत सादर करावा.'

बदली म्हणजे शिक्षा मोठी नव्हती. कारंज्याची शाळा आमच्यापेक्षा चांगली, इमारत नवी. सकाळची एसटी धरायची, संध्याकाळी परत यायचं. निम्मे शिक्षक हेच करतात, मीही रोज वाशीमहून येते. मी सरांना बोलावून पत्र दाखवलं. 'कारंजा' शब्दावर त्यांचं बोट थांबलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुलासा आणून दिला. दोन पानं. शिसं आणि ग्राफाइट यांतला फरक, शेजारी पेन्सिलीची आकृती, भागांना नावं दिलेली. शेवटी एकच ओळ: 'मला कारंज्यास पाठवू नये ही नम्र विनंती.'

"सर, कारण कुठे आहे?"

"कायचं?"

"का पाठवू नये याचं. कारण नसेल तर ते पाठवणार."

"दुपारी घरी यावं लागते, मॅडम."

"कशाला?"

"एक प्रयोग चालू राह्यते. रोज वाचन घ्यावं लागते."

मी रागावले. एका प्रयोगासाठी माणूस सात मिनिटं रोज उशिरा येतो, संस्थेचा मीटर घरी नेतो, आणि तेही लिहून द्यायला तयार नाही. मी म्हटलं, "मग मला अहवालात जे दिसलं तेच लिहावं लागेल."

"लिहा," ते म्हणाले. "फक्त कारंजं टाळा."

तिसऱ्या दिवशी मोठ्या सुट्टीत मी त्यांच्या घरी गेले. सांगून गेले नाही. हातात डेडस्टॉक रजिस्टर होतं आणि मनात अहवालाचं शेवटचं वाक्य तयार होतं. घर एसटी थांब्याच्या मागं, दोन खोल्यांचं, दार उघडं. समोर बाजेवर एक बाई मेथी निवडत बसल्या होत्या. केस पांढरे, चेहरा हसरा, हात सावकाश चालणारे.

"या मॅडम," त्या म्हणाल्या. "तुमीच काय त्या कढीवाल्या?"

मी दारातच थांबले.

आतल्या खोलीत सर ओट्याशी उभे होते, माझ्याकडे पाठ करून. वरणाची वाटी पाण्याच्या ताटलीत गार करायला ठेवलेली. समोरच्या भिंतीला एक फळा टांगलेला, शाळेतला जुनाच, आणि त्यावर सरांच्या वळणदार अक्षरात रकाने: वार, पदार्थ, काटा. कढीचे रकाने वेगळे, वरणाचे वेगळे. सर्वात वर, खडूनं गोल करून, 'कढी २९'. त्याखाली 'कुसुम'. आणि त्याच्या शेजारी, बारीक अक्षरात, 'राऊत मॅ. २९'.

राऊत मॅडम मीच.

सरांनी वाटीत जीभ बुडवली, काटा पाहिला, चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं, पुन्हा बुडवली. मग वळले आणि मला पाहून त्यांच्या हातातला चमचा पडला.

"तुमी घरी काहून आल्या?"

"मीटर मोजायला," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही. "सर, चाखून का बघत नाही?"

ते चमचा उचलायला वाकले आणि वाकलेलेच बोलले. "चव नाही, मॅडम. त्या साथीत ताप आला ना, तवापासून. सगळ्यायची वापस आली. माही नाही आली. लिंबू अन् लाकूड, मले एकच."

म्हणजे जीभ हा विनोद नव्हता. ते पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होते, आणि अख्खी शाळा पहिल्या दिवसापासून हसत होती. मीही.

बाकीचं त्यांनी फळ्याकडे बघून सांगितलं, शिकवल्यासारखं. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात बायकोचं, कुसुमताईंचं, बोलणं विचित्र व्हायला लागलं. सकाळी त्यांनी सरांना विचारलं, "सर, तुमचं घर कोठी हाय?" सरांना वाटलं, थट्टा करते. त्या थट्टेखोरच होत्या. संध्याकाळी पुन्हा विचारलं. दुसऱ्या दिवशी वाशीमच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, सोडियम उतरलंय. बीपीची गोळी, त्यात घरातलं मीठ जवळजवळ बंद, त्यात ऊन.

"तीस वर्षं मी फळ्यावर सोडियम काढून राह्यलो," सर म्हणाले. "अन् माह्या घरात कमी झाला तं मले वाटलं, बायको हसून राह्यली."

गोळी बदलली. डॉक्टरांनी सांगितलं, मीठ कमी नको, जास्त नको, रोज सारखं. कुसुमताईंचे हात थरथरत, तेव्हापासून स्वयंपाक सरांकडे. आणि सरांना चव नाही.

मी व्यवहारी बाई आहे. म्हटलं, "चमच्यानं मोजून टाकायचं."

"टाकतो ना. पन टाकलं का नाही टाकलं हेच ध्यानात राह्यत नाही. एक दिवस दोनदा टाकलं."

"मग ताईंना विचारायचं."

"तिले?" सर पहिल्यांदा हसले. "ते खोटं बोलते. काही द्या, म्हनते मस्त झालं. म्हनून तं जीभ."

"आणि हे एकोणतीस?"

त्यांनी फळ्यावरच्या गोलाला हात लावला नाही, फक्त बोट जवळ नेलं. "दरसाली दहावीले आयन दाखवाचे म्हंजे डब्यातली कढी घ्याचो. हिच्या हातची. हे कधी मोजून मीठ टाकत नव्हती, मॅडम. अंदाजानं. पन काटा एकोणतीस. पोरं दरसाली बदलले, काटा नाही बदलला. आता मी करतो तं कधी बावीस, कधी चाळीस. गावभर शोधलं. तो अंदाज कोनाच्याच हाताले नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या हाताले हाय. त्या दिवशी मले काही बोलताच नाही आलं."

मी रजिस्टर छातीशी धरून उभी होते. माझ्या पानावरची प्रत्येक नोंद माझ्या डोळ्यांसमोर उलटी होत होती, आणि प्रत्येक नोंद खरी होती, हे सगळ्यात वाईट. अन्नात वीज. सात मिनिटं. पाचवा मीटर. बायकांना मिठाविषयी विचारतात.

सर परसात सांभार तोडायला गेले. इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात, आणि वरणात ती नसली तर वरण वाढत नाहीत. कुसुमताईंनी मला जवळ बोलावलं.

"यायले सांगू नोका," त्या हळूच म्हणाल्या. "अळनी राह्यलं तरी मी मस्त म्हनते. खारं झालं तरी मस्त. काय सांगू? माणूस शाळेतून धावत येते अन् चुलीपाशी उभा राह्यते." मग मेथीची काडी मोडत म्हणाल्या, "रोज सकाळी मले इचारतात, सांग मी कोन? मी म्हनते, मेडशीचे मास्तर. तं म्हनतात, नाव सांग. आता नवऱ्याचं नाव घ्याले लावतात, या वयात, रोज. लगनातही इतक्यांदा नव्हतं घेतलं."

सर आत आले. मी न विचारता चमचा घेतला आणि वरण चाखलं. मीठ बरोबर होतं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

त्यांनी मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या घरात दोन वर्षांत हे शब्द पहिल्यांदा खरे म्हणून कोणी बोललं असावं.

"पन कारन लिहू नोका, मॅडम," दारापर्यंत येऊन ते म्हणाले. "गावात माहीत झालं तं लोकं हिले रोज इचारतील, सांग आमी कोन."

अहवाल मी त्या दुपारी लिहिला आणि संध्याकाळी अध्यक्षांच्या बैठकीत नेऊन दिला. एक: कांड्या ग्राफाइटच्या होत्या, शिसं नव्हतं. दोन: कोणालाही इजा झालेली नाही, दवाखान्यात दिलेलं पाणी मिठाचं होतं. तीन: सदर शिक्षकांना दुपारी मेडशीत असणं आवश्यक आहे. कारण, आणि पुढं कोरी जागा.

अध्यक्ष वाचत होते. वाचता वाचता त्यांनी समासात खूण करायला पेन्सिल घेतली, आणि त्यांच्या जुन्या सवयीप्रमाणे तिचं टोक जिभेला लावलं.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही आत्ता शिसं चाटलं."

त्यांनी पेन्सिल बघितली. जीभ आत घेतली. मग त्यांच्या मेव्हण्यानं तोंडावर रुमाल धरला, आणि शेवटी अध्यक्षांना स्वतःलाच हसू आवरेना.

"हे तिसरं," ते सावरून म्हणाले. "कारन कोरं काहून?"

"मला माहीत आहे. लिहिणार नाही."

"मॅडम, तुमच्या कागदात आजवर रकाना कोरा नाही पाहला मी."

"मीही नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला. बदली टळली. अट एकच, पंगतीच्या गंजाला जीभ लावायची नाही.

पुढच्या आठवड्यात मी वेळापत्रक नव्यानं लावलं. मोठ्या सुट्टीनंतरचा तास सरांना मोकळा. त्यामुळे ते आता उशिरा येत नाहीत, उलट त्यांचा पुढचा तास सुरू व्हायच्या आत हजर असतात. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये पाचव्या मीटरसमोर 'वापरात' असा शेरा मारला. मी माझ्या डब्यातली कढी बुधवारी जरा जास्त आणते, आणि तिच्या वाचनाची वाट बघते. एकोणतीस आलं नाही तर मला दिवसभर चैन पडत नाही, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

गेल्या शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर सर म्हणाले, "चला मॅडम. कुसुमनं बोलावलं. आज कढी तिनं केली."

ताई ओट्याला टेकून उभ्या होत्या, कपाळावर घाम, केस कानामागं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या पातेल्यापाशी आल्या होत्या. "मोजून टाकलं नाही," त्यांनी आधीच सांगितलं. "अंदाजानंच टाकलं. आता पाहा तुमच्या डबीत."

सरांनी कढी गार होऊ दिली. कांड्या फडक्यानं पुसल्या. बुडवल्या. मी त्यांच्या खांद्याशी उभी होते, मला काटा दिसत होता. तो चढला, एकोणतीस ओलांडून गेला, चाळीसही ओलांडलं, आणि चव्वेचाळीसवर थांबला.

"किती?" ताईंनी विचारलं.

जो माणूस गोटे बाबूंच्या बायकोला सतरा म्हणजे सतरा सांगून वैर घेतो, त्या माणसानं डबी उचलून छातीशी धरली, काटा आत करून.

"एकोणतीस," सर म्हणाले.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटी तोंडाला लावली. जिभेला मिठानं झिणझिण्या आल्या.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"पाहा," ताई म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

"मले आज जरा पातळ पायजे," सर म्हणाले, आणि ताकाचं भांडं घेऊन पातेल्यात ओतू लागले, हळूहळू, काट्याकडे न बघता.